तारीख आधी ठरते, कोड नंतर येतो: व्यावसायिक ऑपरेटिंग सिस्टिमचं नियोजन आणि अपस्ट्रीम

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची कंपनी लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम विकते आणि एकेका आवृत्तीला बरीच वर्षं सपोर्ट देते. पुढच्या मोठ्या आवृत्तीची तारीख आणि तिच्यातल्या फीचर्सची यादी व्यवस्थापनाला दीड वर्ष आधी हवी आहे. यादीतलं स्टोरेजचं एक फीचर विक्री विभागाने एका मोठ्या ग्राहकाला कबूल करून टाकलंय, पण त्याचे पॅच (कोडमधले बदल) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, रिव्ह्यूमध्ये अडकलेत. टीममधले काही जण म्हणतात, "आत्ता आपल्या ट्रीमध्ये (कोडच्या साठ्यात) घालू, अपस्ट्रीमला (मूळ प्रकल्पाला) नंतर पाठवू." हे करावं का, आणि एकूणच ओपन सोर्सचा वेग आणि रिलीजची तारीख यांचा मेळ कसा घालावा, असं तुम्ही विचारताय.

तुमच्याकडे दोन वेगळ्या कबुल्या एकाच वाक्यात बांधल्या गेल्या आहेत, खरी अडचण तिथे आहे. एक कबुली तारखेची, दुसरी त्या तारखेला आत काय असेल याची. तारीख पाळणं तुमच्या हातात आहे. आत काय असेल ते फक्त निवडणं तुमच्या हातात आहे, आणि तेही जे तयार आहे त्यातूनच.

"अपस्ट्रीमला वेळापत्रकच नसतं" अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी नाही. कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते: दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवा कोड आत घेण्याचा काळ), मग दर रविवारी एक आरसी (चाचणीसाठीची आवृत्ती), आणि सातव्या किंवा आठव्या आरसीनंतर अंतिम आवृत्ती. ग्नोम हा डेस्कटॉप मार्च आणि सप्टेंबरमध्ये येतो, फेडोरा ही लिनक्स प्रणाली एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास. पुढच्या वर्षी अमुक महिन्यात कितवी कर्नल आवृत्ती चालू असेल हे आजच कॅलेंडरवर लिहिता येतं, फार तर एखाद-दोन आठवड्यांचा फरक पडेल. सांगता येत नाही ते एवढंच, की तुमचा पॅच त्यातल्या कुठल्या आवृत्तीत असेल. आणि वेळापत्रक इतकं नियमित राहतं त्याचं कारणही तेच आहे: जे तयार नाही त्याच्यासाठी कोणी थांबत नाही, ते पुढच्या विंडोला.

पुढे जे सांगते आहे ते किती लागू पडेल हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही स्वतःचा कर्नल बांधता, की डेबियन किंवा उबुंटू घेऊन वर आपला थर चढवता? दुसरं असेल तर निम्मे निर्णय तुमच्यासाठी आधीच कुणीतरी घेतलेत. सपोर्ट दोन वर्षांचा आहे की दहा? आणि तुमच्या पगारपत्रकावर असे किती लोक आहेत ज्यांचं नाव संबंधित सबसिस्टिमच्या (कर्नलच्या त्या भागाच्या) मेंटेनरला, म्हणजे तिथे पॅच स्वीकारणाऱ्याला, माहीत आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "एकही नाही" असेल, तर कुठल्याही नियोजनापेक्षा आधी तिथे काम करायला हवं.

आता आधार कर्नल, म्हणजे ज्या कर्नलवर तुमची आवृत्ती उभी राहील तो, कधी पक्का करायचा ते. रेड हॅटच्या आरएचईएल या व्यावसायिक लिनक्सच्या तारखा शेजारी शेजारी लावून बघा. आरएचईएल ८ आलं मे २०१९ मध्ये, त्याचा कर्नल ४.१८, म्हणजे ऑगस्ट २०१८ चा. आरएचईएल ९ आलं मे २०२२ मध्ये, कर्नल ५.१४, ऑगस्ट २०२१ चा. आरएचईएल १० आलं मे २०२५ मध्ये, कर्नल ६.१२, नोव्हेंबर २०२४ चा. अंतर नऊ, नऊ आणि सहा महिने. इतकी माणसं पदरी असलेली कंपनीसुद्धा आधार इतका आधी पक्का करते. मधल्या काळात नवं काही येतच नाही असं नाही, हवं ते बॅकपोर्ट होतं (नव्या आवृत्तीतला कोड जुन्या आवृत्तीत आणला जातो), पण ते अपस्ट्रीममध्ये मर्ज झालेल्या कोडमधून उचललेलं असतं. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने २०२४ मध्ये उलटी वाट धरली: फ्रीझच्या (नवे बदल थांबवण्याच्या) दिवशी जो सर्वांत नवा कर्नल असेल तो घ्यायचा, तो अजून आरसी अवस्थेत असला तरी. हे त्यांना परवडतं, कारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याची यंत्रणा त्यांनी वीस वर्षं चालवली आहे. तुमच्या आकाराच्या टीमने पहिली वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे तारखेपासून मागे मोजत या. तारखेच्या सहा ते नऊ महिने आधी आधार पक्का. आता त्याच्याही मागे. पॅच ज्या मर्ज विंडोत जायचा, ती उघडण्याआधीच तो सबसिस्टिमच्या ट्रीमध्ये आणि लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र तपासायच्या ट्रीमध्ये) बसलेला असावा लागतो, म्हणजे साधारण आधीच्या आवृत्तीच्या सहाव्या-सातव्या आरसीपर्यंत. ती वेळ हुकली की नऊ-दहा आठवडे गेले. मोठ्या फीचरला एकाच फेरीत होकार मिळत नाही. मेंटेनर रचना बदलायला सांगतो, तुकडे करायला सांगतो, कधी दुसऱ्या सबसिस्टिमच्या माणसाचंही मत मागतो. त्यामुळे मी एक ढोबळ नियम पाळते: आधार पक्का होण्याच्या तीन मर्ज विंडो आधी ज्याची पहिली पॅच मालिका अपस्ट्रीमला गेलेली नाही, ते फीचर या आवृत्तीत नाही असं धरायचं. तीन विंडो म्हणजे सुमारे सात महिने. अपवाद निघतात, पण अपवादांवर योजना बांधता येत नाही. तुमच्या व्यवस्थापनाला दीड वर्ष आधी यादी हवी आहे. हे गणित केलंत तर कळेल की दीड वर्ष आधीची यादी म्हणजे बहुतांशी आज अपस्ट्रीममध्ये असलेल्या किंवा रिव्ह्यूला पडलेल्या गोष्टींचीच यादी. बाकी सगळा बाजारात तुरी असल्याचा प्रकार.

आता "आधी आपल्या ट्रीमध्ये, मग अपस्ट्रीम" याविषयी. माझं उत्तर सरसकट नाही असं नाही. मर्ज न झालेला पॅच घ्यायचा की नाही हे ठरवताना मी सर्वांत आधी एक गोष्ट बघते: तो कर्नलच्या बाहेर काही उघडं करतो का? प्रोग्रॅमना कर्नलशी बोलायची नवी वाट, म्हणजे नवा सिस्टिम कॉल, नवा आयऑक्टल किंवा सिसएफएसमधली नवी फाइल; किंवा डिस्कवर लिहिला जाणारा नवा फॉरमॅट. यातलं काहीही असेल तर मी तो घेत नाही. कारण कर्नलच्या आतले एपीआय अपस्ट्रीम केव्हाही बदलतं, ते फार तर रिबेस करताना (पॅच नव्या आवृत्तीवर बसवताना) त्रास देतात. पण यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना, दिलेला इंटरफेस मोडायचा नाही हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक नियम आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने रिव्ह्यूमध्ये सर्वांत जास्त खल इंटरफेसवर होतो. तुमचा पॅच अपस्ट्रीमला जाईल तेव्हा स्ट्रक्चरमधली फील्ड्स बदललेली असतील, फ्लॅग्सचे अर्थ बदललेले असतील, कदाचित ते काम करायची पद्धतच वेगळी असेल. तोवर तुमच्या ग्राहकांचे प्रोग्रॅम तुमच्या इंटरफेसवर लिहून झालेत. मग सपोर्टची सगळी वर्षं दोन्ही इंटरफेस सांभाळायचे. सिस्टिम कॉलचा नंबर तुम्ही परस्पर घेतलात तर आणखी वाईट: तोच नंबर पुढे अपस्ट्रीमने दुसऱ्याच कॉलला दिला की नवी ग्लिबसी (प्रोग्रॅमच्या वतीने सिस्टिम कॉल करणारी लायब्ररी) तुमच्या कर्नलवर भलतंच काही चालवेल. डिस्क फॉरमॅटबद्दल तर बोलायलाच नको. कोड बदलून मिळतो. ग्राहकाच्या डिस्कवर लिहून झालेला डेटा बदलून मिळत नाही.

इंटरफेसचा प्रश्न नसेल, उदाहरणार्थ नव्या हार्डवेअरचा ड्रायव्हर आहे आणि तो जुन्याच इंटरफेसमागे बसतो, तर पुढचे दोन प्रश्न. मेंटेनरने पॅच बघितलाय का, आणि त्याचा आक्षेप तपशिलाला आहे की कल्पनेलाच? तपशिलाला असेल तर तो आज ना उद्या मर्ज होईल. कल्पनेलाच असेल तर तो पॅच तुमच्या गळ्यात कायमचा पडला असं समजा. आणि दुसरा प्रश्न, तो सांभाळणार कोण? टीमचं नाव चालत नाही, माणसाचं नाव हवं.

बाहेरचा पॅच वर्षानुवर्षं सांभाळूनही गोष्ट शेवटाला जाते याचं मोठं उदाहरण प्रीएम्प्ट-आरटी. रिअल-टाइम (ठरल्या वेळेत प्रतिसाद देणाऱ्या) कर्नलची ही पॅच मालिका सुमारे वीस वर्षं मुख्य ट्रीबाहेर होती. व्यावसायिक कंपन्यांनी त्यावर उत्पादनं विकली, आणि ६.१२ मध्ये तिचा शेवटचा तुकडा मर्ज झाला. पण त्या वीस वर्षांत थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी तुकड्यातुकड्याने कोड आत नेत होते. हाय-रिझोल्यूशन टायमर आणि थ्रेडेड इंटरप्ट यांसारख्या गोष्टी तिथूनच सर्वांच्या कर्नलमध्ये आल्या. पॅच बाहेर होता, माणसं आत होती. उलट उदाहरण सुरुवातीच्या अँड्रॉइडचं. त्याचे ड्रायव्हर स्टेजिंगमध्ये (कर्नलमधल्या कच्च्या कोडच्या विभागात) घेतले गेले, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष देईना, म्हणून २०१० च्या २.६.३३ मधून ते काढून टाकले गेले. फोनला झोपू न देणाऱ्या वेकलॉक या यंत्रणेवरून वाद झाला तो वेगळाच. पुढे प्रत्येक चिपवाल्याचा आणि फोनवाल्याचा कर्नल आपापल्या दिशेला गेला. ते पुन्हा एकत्र आणायला जेनेरिक कर्नल इमेजची (सगळ्यांसाठी एकाच सामाईक कर्नलची) योजना करावी लागली, जी अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नलपासून खऱ्या अर्थाने लागू झाली. गूगलला हे दुरुस्त करणं परवडलं.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: तारीख पक्की ठेवा, आधार आधीच पक्का करा, यादी मर्ज झालेल्या गोष्टींतून काढा, आणि बाहेरचा पॅच घ्यायचाच असेल तर इंटरफेस उघडा न करणारा आणि मालक ठरलेला घ्या. हे वाचून तुमचा विक्री विभाग विचारेल, मग स्पर्धकाच्या पत्रकात ते फीचर कसं दिसतंय?

त्याचं उत्तर बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमच्या गोष्टीत आहे. रेड हॅटने ती फाइल सिस्टिम आरएचईएल ६ आणि ७ मध्ये टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू म्हणून (पूर्ण सपोर्टशिवाय, वापरून बघण्यासाठी) दिली, २०१७ मध्ये ७.४ च्या वेळी मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं आणि आरएचईएल ८ मधून ती पूर्ण काढली. सुसे या दुसऱ्या लिनक्स कंपनीने मात्र २०१४ मध्येच आपल्या एसएलई १२ मध्ये ती रूट फाइल सिस्टिम म्हणून डीफॉल्ट केली आणि आजही ठेवली आहे. कोड तोच, लायसन्स तेच, काळ साधारण तोच. फरक असा की सुसेकडे बीटीआरएफएसवर काम करणारे लोक होते आणि स्नॅपरसारखं (डिस्कची जुनी स्थिती जपणारं) तिच्यावर बेतलेलं उत्पादन होतं. रेड हॅटचं बळ एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममागे होतं. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात. रात्री दोन वाजता ग्राहकाची फाइल सिस्टिम माउंट होईना झाली तर उत्तर देणारा माणूस आपल्याकडे आहे का, यावर फीचर घ्यायचं की नाही हे ठरतं. पत्रकांची तुलना करणाऱ्याला हे दिसत नाही.

यातून तुमच्या नियोजनासाठी निघतं ते हे: फीचरच्या यादीपेक्षा माणसांची यादी आधी करा. पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठल्या सबसिस्टिममध्ये आपलं वजन हवं आहे ते ठरवा आणि तिथे आत्तापासून माणूस बसवा. त्याने फक्त आपलेच पॅच पाठवू नयेत; दुसऱ्यांचे रिव्ह्यू करावेत, बग सोडवावेत. हे काम स्प्रिंटच्या बोर्डावर दिसत नाही आणि वार्षिक मूल्यमापनात तर अजिबात नाही, म्हणून व्यवस्थापकाने ते मुद्दाम मोजावं लागतं. एक सूचना जरा अप्रिय आहे: अपस्ट्रीममध्ये काम करणाऱ्यांनीच आपल्या शाखेतले बॅकपोर्टही करावेत. ही कामं दोन टीममध्ये वाटली की एक टीम झगमगीत कामाची आणि दुसरी धुणं-भांडी करणारी होते, आणि दुसऱ्या टीममधले चांगले लोक वर्षभरात सोडून जातात. आणि कृपा करून पॅचसोबतच्या पत्रात "आमचं रिलीज अमुक तारखेला आहे" असं कोणाला लिहू देऊ नका. मेंटेनरला त्याचं काही देणंघेणं नसतं, आणि हे घाईत लिहिलेलं काम आहे अशी शंका मात्र येते.

मोठे बदल कुठे उतरवायचे हाही प्रश्न आहे, आणि त्यावर मला उबुंटूचं एक वागणं फार आवडतं. १७.१० मध्ये त्यांनी वेलँड ही पडद्यावर चित्र दाखवणारी नवी यंत्रणा डीफॉल्ट केली. अनुभव पुरेसा बरा नव्हता, तर पुढच्याच १८.०४ एलटीएसमध्ये (दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीत) सरळ जुन्या एक्सऑर्गवर परत गेले. मग २१.०४ मध्ये पुन्हा वेलँड आणलं आणि २२.०४ एलटीएसमध्ये बहुतेक मशीनवर ते टिकलं. ज्याला मागे जाता येतं त्यालाच धाडस परवडतं. त्यासाठी मधली एक आवृत्ती अशी असावी लागते जिच्यावर कुणाचं उत्पादन उभं नाही. तुमच्याकडे ती नसेल तर वर्षातून दोनदा निघणारी, सपोर्ट नसलेली डेव्हलपर आवृत्ती सुरू करा, ती कोणी वापरो न वापरो. मागे जायची वाट नसली की काय होतं ते फेडोरा १८ ने दाखवलं: इन्स्टॉलर अ‍ॅनाकोंडा नव्याने लिहायला घेतला होता, जुन्यावर परतणं शक्य उरलं नव्हतं, आणि नोव्हेंबर २०१२ ची आवृत्ती जानेवारी २०१३ मध्ये निघाली. फेडोरात बदलाच्या प्रत्येक प्रस्तावात "हे वेळेत झालं नाही तर काय" असा रकाना भरावा लागतो. तो रकाना तुमच्या फॉर्ममध्ये आजच घाला, आणि तो रिकामा असेल तर प्रस्ताव परत पाठवा.

तारीख मुळीच हलवायची नाही का? हलवा, पण कारण बघून. उबुंटूची पहिली एलटीएस, ६.०६, एप्रिलऐवजी जून २००६ मध्ये आली. दीर्घ सपोर्टच्या पहिल्याच आवृत्तीला सहा आठवडे जास्त घेणं शहाणपणाचं होतं. फीचर राहिलं म्हणून तारीख हलवणं मला मान्य नाही. जे आत आहे ते बिघडलेलं आहे म्हणून हलवणं मान्य आहे. बाहेर जाहीर करण्याच्या बाबतीत डेबियनकडून शिकण्यासारखं आहे: तिथे फ्रीझच्या तारखा आधी जाहीर होतात, रिलीजचा दिवस शेवटी. तुम्हाला ग्राहकांसाठी रिलीजची तिमाही सांगावी लागेलच, पण टीमसाठी आणि बाहेरच्या सहभागी लोकांसाठी फ्रीझची तारीखच खरी तारीख असू द्या. काम तिच्या भोवती होतं.

मधे काही आठवडे मोकळे ठेवायचे ते कशासाठी, हे २०२४ च्या मार्चअखेर सगळ्यांना कळलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांनी एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमधला बॅकडोअर (चोरवाट) २९ मार्चला उघड केला, तेव्हा उबुंटू २४.०४ चा बीटा आठवड्याभरावर आला होता. कॅनॉनिकलने तो बॅकडोअर एक्सझेडमध्ये शिरल्यानंतर बांधलेली सगळी बायनरी पॅकेजेस नव्याने बांधली, बीटा एक आठवडा पुढे ढकलला, आणि अंतिम आवृत्ती ठरल्या दिवशी, २५ एप्रिललाच दिली. सगळं पुन्हा बांधायला तुमच्या बिल्ड यंत्रणेला किती वेळ लागतो हे तुम्हाला आज माहीत आहे का? नसेल तर एकदा करून बघा. तो आकडा तुमच्या वेळापत्रकातला सर्वांत प्रामाणिक आकडा असेल. सुरक्षेच्या दुरुस्त्यांची एक स्वतंत्र वाट कायम तयार ठेवा. डिस्ट्रोंच्या (लिनक्स प्रणाली बनवणाऱ्यांच्या) खाजगी मेलिंग यादीवर त्रुटी गुप्त ठेवण्याची मुदत जास्तीत जास्त १४ दिवस असते, आणि तीही शेवटपर्यंत टिकेल असं नाही. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी ९ जानेवारी २०१८ ला जाहीर व्हायच्या होत्या, ३ जानेवारीलाच झाल्या.

आता तुमचं स्टोरेजचं फीचर. वर्णनावरून त्यात नवा आयऑक्टल आहे असं दिसतंय. तसं असेल तर मोठ्या आवृत्तीत ते घालू नका. मोठी आवृत्ती त्याच्याशिवाय वेळेवर काढा आणि पॅच मर्ज झाला की, मोठ्या आवृत्तीनंतर सहा महिन्यांनी येणाऱ्या पहिल्या किरकोळ आवृत्तीत तो बॅकपोर्ट करून द्या. ग्राहकाला तोवर काही हातात द्यावंच लागत असेल, तर वेगळ्या मॉड्यूल पॅकेजमध्ये, प्रिव्ह्यू म्हणून, इंटरफेस बदलेल असं लेखी सांगून, आणि डेटा टिकवण्याची हमी न देता द्या. त्या पॅकेजला संपण्याची मुदत घाला: दोन किरकोळ आवृत्त्यांत मर्ज झालं नाही तर ते काढलं जाईल. मुदतीशिवाय दिलेला प्रिव्ह्यू ग्राहकाच्या लेखी उत्पादनच असतो.

ग्राहकाशी हे बोलायला एकट्या विक्रीवाल्याला पाठवू नका, पॅच लिहिणाऱ्याला सोबत न्या. आणि जाताना एक मागणी घेऊन जा: त्यांच्याकडच्या एखाद्या चाचणी मशीनवर ही पॅच मालिका ते चालवून बघतील का, आणि निकाल स्वतःच्या नावाने अपस्ट्रीमला कळवतील का? रिव्ह्यूमध्ये अडकलेल्या बऱ्याच फीचर्सबद्दल मेंटेनरचा मूळ सवाल "हे खरोखर वापरणार कोण" एवढाच असतो. विक्रेत्याच्या दहा स्पष्टीकरणांपेक्षा वापरणाऱ्याची, आकड्यांसकट आलेली एक टेस्टेड-बाय ("अमुकने तपासलं") ओळ तिथे जास्त काम करते.